पुतळा साडेचारशे फुटांचा, आणि परळच्या पाटीचे काय?

गेल्या ६ डिसेंबरला भिवंडीहून आम्ही नेहमीप्रमाणे निघालो. भिवंडीकराला दादरला जायचे म्हणजे आधी रिक्षाने किंवा बसने ठाणे नाहीतर कल्याण गाठायचे आणि मग लोकल धरायची. आमच्या अभ्यासवर्गातली चौदा पोरे-पोरी सोबत होती. कोणी लूमवर कामाला, कोणी गोदामात माल चढवणारा, दोघी-तिघी कॉलेजात. चैत्यभूमीवर वंदन केले, पुस्तकांचे स्टॉल पालथे घातले आणि इंदू मिलच्या बाजूने चालताना क्रेनकडे बोट दाखवून एकाने विचारले, "सरदार पटेलांचा पुतळा किती फुटांचा? आपला त्याच्याहून मोठा का नाही करत?"

आम्ही आकडे सांगितले. गुजरातमधला पटेलांचा पुतळा १८२ मीटर, म्हणजे सुमारे ५९७ फूट. इंदू मिलमधला चौथऱ्यासकट ४५० फूट. पोरगा हिरमुसला. मग आम्ही त्याला आणि बाकीच्यांना एकच प्रश्न विचारला. "इथून थोड्याच अंतरावर परळ आहे. ७ नोव्हेंबर १९३८ ला परळच्या कामगार मैदानावर बाबासाहेबांनी काय केले?" चौदा जणांपैकी एकालाही सांगता आले नाही. हा दोष त्या पोरांचा नाही. त्यांना पुतळ्याची उंची तोंडपाठ करायला लावली कोणी आणि परळ विसरायला लावले कोणी, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

पण आधी दुसऱ्या बाजूच्या शहाण्यांचा हिशेब करून टाकू. "तुम्हा लोकांना पुतळेच कशाला हवेत? त्यापेक्षा शिका, शाळा काढा" असे सांगणारे सज्जन आम्हाला दर जयंतीला भेटतात. या सज्जनांना आमचा सवाल आहे. ही मुंबई पुतळ्यांशिवाय उभी राहिली काय? काळा घोडा हे नाव कुठून आले? इंग्लंडच्या युवराजाचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, घोड्यावरचा पुतळा १८७९ साली तिथे बसला म्हणून. तो १९६५ साली उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, तरी नाव टिकले. घोडा गेला आणि पाच दशकांनी, २०१७ साली, तिथे पुन्हा नवा घोडा उभा राहिला, तोही स्वाराशिवाय. फोर्टात फिरा. दानशूर शेठ, सर, नामदार, न्यायमूर्ती पावलोपावली दगडात आणि ब्राँझमध्ये उभे आहेत. तेव्हा "शाळा काढा" असे कोणी म्हणाले नाही. ज्यांना गावात चावडीवर बसू दिले जात नव्हते त्यांनी चौकात आपला माणूस उभा केला तेव्हाच यांना शाळा आठवली.

आमच्या गावोगावच्या पुतळ्यांचा अर्थ या मंडळींना कळणे अवघड आहे. सार्वजनिक जागेवर आमचाही हक्क आहे, हे ज्या समाजाला पाणवठ्यापासून सिद्ध करावे लागले, त्याच्यासाठी चौकातला निळ्या कोटातला हातात संविधान घेतलेला पुतळा म्हणजे तळ्याचे पाणी चौकात आणल्यासारखे आहे. म्हणून तर त्याच्यावर दगड येतो. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी कोठडीत मरण पावला. ज्या दगडाला काही अर्थच नाही त्याच्यासाठी एवढा द्वेष कोणी खर्च करत नाही. तेव्हा पुतळा कशाला, या प्रश्नाला आमचे उत्तर तयार आहे आणि त्यावर आम्ही माघार घेणार नाही.

आता घरातल्यांशी बोलू. पुतळा हवाच. पण पुतळ्यात काय सांगितले जाणार आणि पुतळ्याच्या नावाखाली काय गाडले जाणार, हे विचारायचे आम्ही सोडून दिले आहे.

इंदू मिलचा पट आठवा. ६ डिसेंबर २०११ ला आपले कार्यकर्ते मिलच्या आवारात घुसले आणि ठाण मांडून बसले. त्या रेट्याने वर्षभरात केंद्राला साडेबारा एकरांची ही जमीन स्मारकासाठी देण्याची घोषणा करावी लागली. ११ ऑक्टोबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उंची १०० फुटांनी वाढवली. भूमिपूजनाला दहा वर्षे उलटून गेली, सरकारे बदलली, प्रत्येक सरकारने नवी तारीख दिली. त्या सगळ्या काळात सत्ताधारी असोत की विरोधक, चर्चा कशावर झाली? उंचीवर, तारखेवर, आणि श्रेय कोणाचे यावर. तिथल्या ग्रंथालयात कोणते कागद असतील, संशोधनाला कोणाला जागा मिळेल, भिंतींवर कोणता इतिहास लिहिला जाईल, यासाठी एखादा मोर्चा निघाल्याचे आम्हाला आठवत नाही. ॲड. प्रकाश आंबेडकरांनी मात्र तेव्हाच सांगितले होते की हा निधी परळच्या वाडिया रुग्णालयाला द्या, आणि इंदू मिलमध्ये आंतरराष्ट्रीय दर्जाचे संशोधन केंद्र करा. पैशाअभावी लहान मुलांचे ते रुग्णालय तेव्हा अडचणीत होते आणि उच्च न्यायालयानेही पुतळ्याला पैसे आहेत, रुग्णालयाला नाहीत का, असे सरकारला सुनावले होते. त्या भूमिकेशी कोणाचा मतभेद असू शकतो. पण आमच्यातल्या कित्येकांनी मतभेदाचे कारणसुद्धा दिले नाही. उंची कमी होईल या भीतीने कान झाकून घेतले.

सरकारला उंची वाढवायला काय जाते? फूट वाढवले की टाळ्या मिळतात. मजकूर वाढवला की अडचण होते. हे कसे, ते बघायचे तर दादरहून परळपर्यंत चालावे लागते. ६ डिसेंबरच्या त्या प्रश्नानंतर आम्ही पोरांना परतीच्या लोकलमध्ये बसवले नाही. चालवत नेले.

पहिला थांबा हिंदू कॉलनीतले राजगृह. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेले घर. १९३४ पासून ते इथे राहू लागले आणि २७ मे १९३५ ला माता रमाईंनी इथेच शेवटचा श्वास घेतला. ७ जुलै २०२० ला याच घराच्या आवारात घुसून तोडफोड झाली, हे तरी पोरांना माहीत होते. पुढे नायगाव. ३० आणि ३१ मे १९३६ ला इथे मुंबई इलाखा महार परिषद भरली होती. येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली होती, पण का आणि कशासाठी, याची सविस्तर मांडणी बाबासाहेबांनी आपल्या माणसांसमोर केली ती इथे. 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण आमच्या प्रत्येक विहारात छापील मिळते. ते कोणत्या मातीवर झाले, हे विचारले तर विहारातले निम्मे लोक नागपूर सांगतील.

मग परळ. दामोदर हॉल. ९ मार्च १९२४ ला इथे बैठक झाली आणि त्यातून त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेचे कार्यालय इथेच होते. वसतिगृहे, वाचनालये, महाडचा सत्याग्रह, या सगळ्यामागे ही सभा उभी होती. २०२३ साली दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा नाट्यकर्मींनी आवाज उठवला आणि बरे केले. नाटकाची माणसे नाटकाच्या जागेसाठी भांडली. आमच्या कानावर जी चर्चा आली तिच्यात बहिष्कृत हितकारिणी सभेचे नाव अगदी शेवटी होते. सभेची शताब्दी २०२४ साली आली आणि गेली. आम्ही त्या दिवशी स्टेटस ठेवले.

तिथून जवळच पोयबावडीची बीआयटी चाळ. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली इंग्रज सरकारने स्थापन केलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने या चाळी बांधल्या. एक नंबरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे बाबासाहेबांचा संसार इथे होता. विचार करा, या बावीस वर्षांत काय काय येते! कोलंबिया, लंडन, 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', महाडचे तळे, मनुस्मृतीचे दहन, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार. राजर्षी शाहू महाराज बाबासाहेबांना भेटायला आले ते या चाळीत. रमाईंनी उपाशीपोटी दिवस काढले ते इथे. आम्ही जिना चढलो तेव्हा एका म्हाताऱ्या काकांनी दार उघडले, पोरांना पाणी दिले आणि म्हणाले, "पोरांनो, सगळे तिकडे चैत्यभूमीला जातात. इकडं लग्नाच्या पत्रिका वाटायला येणारेसुद्धा जास्त असतील." त्या दिवशी पोरांना जे कळले ते पाटीवरून कळले नाही, त्या काकांच्या तोंडून कळले. काका आणखी किती वर्षे जिना चढतील?

राष्ट्रीय स्मारक करण्याच्या घोषणा या चाळीबद्दलही झाल्या आहेत. पण तुलना करून बघू. गांधीजी मुंबईत आले की १९१७ ते १९३४ या काळात गावदेवीच्या मणिभवनात उतरत. ते घर त्यांच्या स्नेह्याचे. १९५५ साली ते स्मारक झाले. आज तिथे संग्रहालय आहे, ग्रंथालय आहे, परदेशी पाहुणे येतात. चांगली गोष्ट आहे, आमची तक्रार नाही. १४ ऑगस्ट १९३१ ला बाबासाहेब आणि गांधीजींची पहिली भेटही तिथेच झाली. बाबासाहेब त्या भेटीला परळच्या दोन खोल्यांतून निघून गेले होते. एक पाहुणा सतरा वर्षे अधूनमधून उतरला ते घर राष्ट्राच्या आठवणीत आहे. दुसरा या शहराचा रहिवासी, बावीस वर्षे इथे राहिला, ते घर घोषणेत आहे. लंडनला बाबासाहेब १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले, पंतप्रधानांनी १४ नोव्हेंबरला त्याचे उद्घाटन केले. लंडनचे घर घेतले याचा आम्हालाही अभिमान आहे. पण एका वर्षाच्या बिऱ्हाडासाठी सरकारला सातासमुद्रापार जाता येते आणि मंत्रालयापासून लोकलने अर्ध्या तासावर असलेल्या परळपर्यंत येता येत नाही, याला काय म्हणायचे?

आम्ही याला योगायोग म्हणत नाही. समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट पक्की कळली. समाज काय लक्षात ठेवतो याला जेवढे महत्त्व, तेवढेच कुठे लक्षात ठेवतो यालाही असते. लंडनच्या घरातले बाबासाहेब विद्वान आहेत, बॅरिस्टर आहेत. विद्वान कोणालाही चालतो. परळचे बाबासाहेब गिरणी कामगारांच्या चाळीत राहणारे, सभा घेणारे, संप करणारे आहेत. ते चालत नाहीत.

शेवटचा थांबा कामगार मैदान. त्या पोरांना न आलेले उत्तर इथे दिले. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. लाल झेंडा असलेला पक्ष, ज्याच्या नावातच मजूर होता. १९३८ साली मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले आणि कामगारांच्या संपाच्या हक्काला लगाम घातला. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संपाचा हक्क काढून घेणे म्हणजे माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबवणे, म्हणजेच गुलामी, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप पुकारला गेला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांच्यात कितीही मतभेद असले तरी त्या दिवशी बाबासाहेब आणि डांगे एकाच मैदानावर, एकाच व्यासपीठावर होते. हजारो कामगार जमले. पोलिसांनी शहरात गोळीबारही केला. त्याच वर्षी जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी खोती रद्द करा म्हणत कौन्सिल हॉलवर चालून आले होते, त्यांच्यापुढेही बाबासाहेबच होते. तो कौन्सिल हॉल रीगलजवळ आजही उभा आहे, तिथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. कामगार मैदान काय किंवा कौन्सिल हॉलचा परिसर काय, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून हे सांगेल असे काही आम्हाला दिसले नाही.

आता कळले का मजकुराची अडचण? २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने सगळ्याच आस्थापनांमध्ये चौदा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप बेकायदा ठरवला आहे. आमच्या भिवंडीच्या गोदामांत ठेकेदाराच्या हाताखाली बारा-बारा तास उभी राहणारी पोरे १४ एप्रिलला ज्यांच्या प्रतिमेला हार घालतात, ते बाबासाहेब संपाच्या हक्कासाठी मैदानात उतरले होते, हे त्या पोरांनी दगडावर कोरलेले वाचले तर? साडेचारशे फुटांच्या पुतळ्याला मान वर करून बघावे लागते. पाटी वाचायची तर समोर उभे राहावे लागते. मान वर करून बघणारा भक्त सरकारला सोयीचा आहे. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते, हा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत कोणी दिला होता, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

इंदू मिल ही मिल होती, हेही आम्ही विसरत चाललो आहोत. आमचे आजोबा परळच्या गिरणीत रिंग खात्यात होते. साळखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त मिळायचा. पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला विटाळ वाटे. एकाच गिरणीत, एकाच युनियनचा सभासद असून ही स्थिती. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, भांडवलदाराशी लढताना जातीवर गप्प बसता येणार नाही म्हणून सांगितले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर आले आणि आमच्यासारखी कुटुंबेही. आज आमची पोरे लूम चालवतात. ज्या साळखात्याच्या दारात आजोबा थांबले, त्याच कामाला नातवंडे आली, पण लूमवर आता मान नाही आणि पोटभर मजुरीही नाही. हा सगळा इतिहास एका धाग्यात आहे. एका जुन्या गिरणीच्या जमिनीवर बाबासाहेबांचे स्मारक उभे राहते आहे. तिथे एक माग, एक धोटा, एक कांडी ठेवा आणि त्याखाली ही गोष्ट लिहा, एवढी मागणी आम्ही केली आहे काय? पुतळ्यापेक्षा तो धोटा जास्त बोलेल.

आणि वेळ थोडा आहे. सगळ्या परळ-नायगाव-वरळीत पुनर्विकास चालू आहे. चाळीत कुजत राहा असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. संडासाला रांग लावणाऱ्याला मोठे घर मिळालेच पाहिजे. पण चाळ पाडताना तिथला इतिहास कोणत्या करारात लिहिला जातो? बीडीडी चाळींचे उदाहरण घ्या. वरळीच्या या चाळींमधून पँथर घडले. ५ जानेवारी १९७४ ला तिथली पँथरची सभा उधळली गेली, दंगल पेटली, आणि १० जानेवारीच्या निषेध मोर्चावर वरून दगड टाकून भागवत जाधवला मारले गेले. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत आहे? २०२२ साली सरकारने या चाळींना नावे देण्याचे ठरवले. वरळीला बाळासाहेब ठाकरे नगर, नायगावला शरद पवार नगर, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी नगर. तीन वसाहती, तीन पक्षांचे तीन नेते, वाटणी अगदी चोख. घाम गाळणाऱ्या, लढणाऱ्या, मरणाऱ्या रहिवाशांच्या वाट्याला एक जिनासुद्धा आला नाही. घाटकोपरच्या रमाबाई नगराचाही पुनर्विकास सुरू आहे. ११ जुलै १९९७ ला पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या आपल्या दहा जणांना राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी जिथे पाडले, ती जागा नव्या नकाशात कुठे असेल, हे आजच विचारले पाहिजे. उद्या विचारले तर मॉलचा सुरक्षारक्षक उत्तर देईल.

दोष फक्त सरकारचा नाही. २५ जून २०१६ ला पहाटेच्या अंधारात दादरच्या आंबेडकर भवनावर बुलडोझर फिरला. बुद्धभूषण प्रेस, जिथून बाबासाहेबांचे शब्द छापून बाहेर पडले, ती मातीत गेली. हे करणारे कोणी मनुवादी नव्हते, त्या जागेच्या ट्रस्टमधलीच माणसे होती, आणि त्यांच्याकडेही सतरा मजली विकासाचे चित्र होते. १९ जुलैला भर पावसात प्रचंड मोर्चा निघाला. आम्हीही त्यात भिजलो. संताप खरा होता. पण पाडण्याआधी त्या वास्तूत काय काय आहे याची यादी आमच्यापैकी कितीजणांकडे होती?

आमच्या वस्त्यांतल्या जयंतीचा हिशेब मांडा. डीजे, कमान, लायटिंग आणि वीस बाय दहाचा बॅनर, ज्यावर बाबासाहेब कोपऱ्यात आणि भाऊ-दादा मधोमध. त्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्यात संगमरवराची एक पाटी होते, जी पन्नास वर्षे टिकते. आणि पाटी केलीच तर तिच्यावर कोणाची नावे? उद्घाटकाचे, नगरसेवकाचे, अध्यक्ष-उपाध्यक्षांचे. बायकांचे एकही नाही. चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास शोधायला उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना घरोघरी जाऊन मुलाखती घ्याव्या लागल्या, तेव्हा १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. दगडावर कोरले नाही म्हणून ते माणसांच्या आठवणीतून उकरावे लागले.

कोरेगाव भीमाचा स्तंभ आठवा. तो इंग्रजांनी स्वतःच्या मोठेपणासाठी बांधला. पण त्यांनी त्याच्यावर पडलेल्यांची नावे कोरली. एकोणपन्नास नावे, त्यातली बावीस 'नाक' लागलेली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले ते ती नावे होती म्हणून. स्तंभ उंच होता म्हणून नव्हे. नावे वाचता आली, म्हणून शंभर वर्षांनी मेलेली माणसे चळवळीत परत आली. दगडाची ताकद ती. वर काय आहे यापेक्षा खाली काय लिहिले आहे, यावर पुढची पिढी उभी राहते.

मग करायचे काय? फुकटचा संताप आम्हाला नको आहे, कामे हवी आहेत.

पहिले काम नकाशाचे. मुंबईने १९९५ साली वारसा नियम केले, देशात असे करणारे ते पहिले शहर. या नियमांत केवळ नक्षीकाम नाही, ऐतिहासिक महत्त्व हाही निकष आहे. २०१८ साली फोर्ट आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती जागतिक वारसा झाल्या. त्यातल्या उच्च न्यायालयात बाबासाहेबांनी वकिली केली. वारसा चर्चगेटला संपत नाही, तो परळपर्यंत येतो, हे कागदोपत्री मांडले पाहिजे. चळवळीच्या जागांची यादी पुराव्यासह तयार करून महापालिकेच्या वारसा समितीकडे द्या. माहिती अधिकाराचा अर्ज करा, कोणत्या जागेचे काय झाले ते लेखी मागा.

दुसरे, पुनर्विकासाच्या प्रत्येक करारात स्मृतीचे कलम घाला. रहिवाशांच्या सोसायटीच्या सभेत आपली माणसे असतात. पार्किंगसाठी भांडता, तसे एका भिंतीसाठी भांडा.

तिसरे, इंदू मिलच्या स्मारकाचा मजकूर जाहीर करा अशी मागणी करा. उद्घाटनाच्या आधी. कोणती समिती लिहिते आहे, तिच्यात इतिहासकार किती, कामगार चळवळीतले किती, स्त्रिया किती, हे जनतेसमोर आले पाहिजे. जातिअंत, धर्मांतर, बावीस प्रतिज्ञा, स्वतंत्र मजूर पक्ष, हिंदू कोड बिल आणि त्यानंतरचा राजीनामा, हे सगळे तिथे स्पष्ट शब्दांत हवे. नुसते 'महामानव' लिहून भागणार नाही.

चौथे काम कोणाची परवानगी लागत नाही असे आहे. आपापल्या वस्तीतल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांजवळ मोबाइल घेऊन बसा आणि बोलणे रेकॉर्ड करा. भिवंडीत आम्ही सुरुवात केली आहे. कोणाच्या आईने १९५६ च्या ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवरून आणलेली मूठभर माती डब्यात जपली आहे, कोणाच्या ट्रंकेत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची पावती आहे. हे आमच्या अंगणातले संग्रहालय आहे आणि दर पावसाळ्यात त्याला वाळवी लागते आहे.

हे होणार नाही असे वाटत असेल तर चैत्यभूमीकडेच बघा. तो स्तूप कोणत्या सरकारने भेट दिला नाही. भैय्यासाहेब आंबेडकर महूपासून मुंबईपर्यंत भीमज्योत घेऊन पायी आले, गावोगावच्या गरिबांनी पदरचे पैसे दिले, आणि १९७१ साली तो उभा राहिला. तिथे कोणी फूट मोजत नाही. लाखो माणसे येतात, कारण ते आपण बांधले आहे.

येत्या ६ डिसेंबरला आम्ही पुन्हा भिवंडीहून निघणार आहोत. चैत्यभूमीवरून पायी राजगृह, नायगाव, दामोदर हॉल, बीआयटी चाळ आणि शेवटी कामगार मैदान. तिथे कोणतीही पाटी नसेल तर आमच्या पोरांच्या हातात पुठ्ठ्याची असेल. तिच्यावर एवढेच लिहू:

"७ नोव्हेंबर १९३८. कामगारांचा संपाचा हक्क वाचवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो कामगार या मैदानात एकत्र आले. त्यांची नावे आम्ही शोधत आहोत. तुमच्या घरात कोणी त्या दिवशी इथे होते का?"

पुठ्ठा पावसात भिजेल, पोलीस काढून नेतील, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही दुसरा घेऊन येऊ. दगडाचा बसेपर्यंत येत राहू. तुम्ही तुमच्या वस्तीतून निघा, परळला भेटू.

जय भीम!